चादरीचं दुसरं टोक

थोरलीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारलीत तर ती मागं वळूनही बघणार नाही. सासरी मोठी सून म्हणून ती थोरली. पुढं तिची जाऊ त्याच लाँड्रीत कामाला लागली, ती धाकटी झाली आणि हिचं थोरलेपण लाँड्रीतही पक्कं झालं. उंच, रुंद खांद्यांची, समोरून येताना दिसली की माणसानं आपणहून बाजूला व्हावं अशी बाई. तिच्या नवऱ्याला मी एकदा विचारलं, "घरात कुणाचं चालतं हो?" तर म्हणाला, "हळू बोला, ती दाराशीच उभी आहे."

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान समजू नका. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल ट्रक भरभरून यायचे. एका दारानं मळके आत, दुसऱ्या दारानं परीटघडीचे बाहेर. मी तिथं बॉयलरवर होतो. बॉयलरवाल्याचं एक बरं असतं. वाफ नीट पोचते का हे बघायला त्याला कुठंही फिरता येतं आणि कुणी हटकत नाही. जिथं गप्पा रंगात यायच्या, तिथल्या नळीला नेमकी गळती लागायची.

मोठ्या हॉलमध्ये इस्त्रीचा रोलर होता. भिंतीएवढा लांब, तापलेला, दिवसभर गरगरणारा. ओली चादर दोघींनी दोन टोकं धरून त्याच्या तोंडात सारायची, पलीकडे दोघींनी ती ओढून घ्यायची, घडी घालायची. सगळं काम जोडीनं. एकटीला चादर घालता येत नाही. एक टोक आत गेलं की दुसरं वाकडं जातं आणि चादर कपाळावरच्या आठीसारखी बाहेर येते. थोरली आणि धाकटी ही जोडी हॉलमध्ये सगळ्यात सफाईदार. थोरलीचा हात तर असा बसलेला की कुणा आजारी नातेवाइकाला बघायला दवाखान्यात गेली, तरी आधी पेशंटच्या खालची चादर ओढून सरळ करायची. पेशंट कण्हला तर म्हणायची, "जरा उचला की स्वतःला, चुण्या पडल्यात."

त्या रोलरचा आणि शेजारच्या पिळणाऱ्या मशीनचा आवाज एवढा की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून हॉलमधल्या बाया आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या. नवी आलेली पोरगी पहिले काही दिवस बावळटासारखी तोंडाकडे बघत राहायची, मग शिकायची, आणि एकदा शिकली की सुटायची. ओठ मोठे करून, भुवया उडवून, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाचा नवरा कुणाच्या दारात दिसला, मुकादमाच्या डोक्यावरचे केस खरे की आणलेले. मुकादम तिथंच उभा असायचा बिचारा. त्याला वाटायचं, बाया च्युइंगम खातायत.

सवय घरीही जायची. थोरली आणि धाकटी ओट्यापाशी उभ्या राहून ओठांनीच बोलायच्या आणि सासूबाई पाटावर बसून दोघींच्या पाठींकडे बघत राहायच्या.

"माझ्याबद्दल बोलताय ना?" सासूबाई विचारायच्या.

"नाही हो आई, मिठाबद्दल."

"मिठाबद्दल एवढं हसतं का कुणी?"

मीठच असायचं बहुतेक वेळा. पण खात्री कोण देणार?

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना जुने मॅनेजर गेले आणि नवे साहेब आले. बारीक अंगकाठी, कमी बोलणं, पायात न वाजणारे बूट. हॉलच्या एका टोकाला वर जिना जायचा, तिथं मॅनेजरची केबिन, पुढची सगळी बाजू काचेची. जुने साहेब काचेकडे पाठ करून पेपर वाचायचे. नव्यांनी पहिल्याच दिवशी टेबल फिरवून घेतलं आणि तोंड हॉलकडे करून बसले. बायांनी त्यांचं नाव ठेवलं काचसाहेब.

पहिल्या आठवड्यात काचसाहेब खाली आले आणि मुकादमाला म्हणाले, "तिकडच्या कोपऱ्यातला पंखा उलटा फिरतो म्हणे. बघून घ्या." बायांनी ओठांनीच एकमेकींना विचारलं, "म्हणे? कोण म्हणे?" कुणी तक्रार केली नव्हती. आपापसात बोलल्या होत्या तेवढंच. मग एकीनं दुपारी पोट दुखतं म्हणून घरी जायचं ठरवलं, खरं कारण बहिणीकडे जायचं होतं. साहेब जिन्यात उभे राहून म्हणाले, "पोट दुखत असेल तर बहिणीकडे जाऊन बरं वाटतं का?" ती पोरगी तशीच मागं फिरली आणि संध्याकाळपर्यंत अभ्रे मोजताना चुकत राहिली.

तेव्हापासून हॉलचा वारा फिरला. पूर्वी बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या ते गोष्ट कळावी म्हणून. आता बघायला लागल्या ते तिचं बोलणं संपल्यावर ती जिन्याकडे बघते का, यासाठी.

आणि मग ते सुट्टीचं प्रकरण झालं. साहेबांनी जोड्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या वेगळ्या केल्या होत्या, म्हणजे अर्ध्या बाया जेवताना अर्ध्या कामावर, रोलर कधी थांबणार नाही. बायांना ते झोंबलं. अर्ध्या जणींशिवाय डबा उघडायचा, त्यात गंमत काय? ठरलं असं की मोठ्या हॉटेलचा माल येणार त्या दिवशी सगळ्यांनी एकदम रजा टाकायची. कुठं कागदावर नाही, कुठं बैठक नाही. सगळं हॉलमध्ये, ओठांवर ठरलं. त्या दिवशी सकाळी बघतो तर काय, फाटकाशी टेम्पो उभा आणि त्यातून दुसऱ्या कुठल्या तरी लाँड्रीतल्या अनोळखी बाया उतरतायत. आमच्यातल्या ज्या कानोसा घ्यायला फाटकापर्यंत आल्या होत्या, त्या खाली मान घालून कामावर गेल्या. ज्यांनी बेत काढला होता त्या दोघींना साहेबांनी दुसऱ्याच दिवशी धुलाईकडे पाठवलं, गमबूट घालून दिवसभर पाण्यात. नेमक्या त्या दोघींना. जेवणाच्या सुट्ट्याही साहेबांनी पुन्हा एकत्र केल्या, पण त्याचा आनंद कुणाला होतोय? आपल्यातली कुणीतरी वर जाऊन सांगतेय, यात आता कुणालाच शंका उरली नाही.

हॉलमध्ये एक बाई होती, तिला सगळे रेडिओ म्हणायचे. ती ओठांनी बोलायची तेव्हाही मोठ्यानं बोलल्यासारखी वाटायची. तिनं चौकशी हातात घेतली. कोण जिना चढलं, कोणाला साहेब हसले, कोणाला काय मिळालं. आणि याच सुमाराला थोरलीचं नशीब फिरलं.

सासूबाईंच्या गुडघ्याला शेक द्यायला दवाखान्यात न्यायचं होतं. थोरलीनं रोलरशी उभ्या उभ्या धाकटीला ओठांनी विचारलं, "उद्या दुपारी आईंना नेऊ का मी? पण हा काचेतला माणूस सोडेल का?" धाकटी म्हणाली, "विचारून बघा ताई." झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या आत येत असताना साहेब दाराशी उभे, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय ना? दुपारनंतर निघा. मुकादमाला सांगितलंय मी."

थोरली जागच्या जागी थबकली. तिनं विचारलंच नव्हतं.

रेडिओनं भुवया कपाळात नेल्या. "बघा," तिचे ओठ म्हणाले, "आम्हाला पोटदुखीला टोमणा आणि हिला न मागता रजा."

थोरलीच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र फिरायला लागलं. हे बोलणं झालं ते तिच्यात आणि धाकटीत. मग साहेबांना सांगितलं कुणी? तिनं नाही. म्हणजे धाकटीनं. आणि धाकटीचा हिशेब नेमका उलटा: मी तर सांगितलं नाही, म्हणजे ताईंनीच. वर जाऊन स्वतःसाठी मागून आल्या, आणि धुलाईकडे गेलेल्या त्या दोघींची नावंही यांनीच दिली असणार. एका घरात राहणाऱ्या, एका ओट्यावर भाकऱ्या थापणाऱ्या दोन बाया एकमेकींकडे चोरासारख्या बघायला लागल्या.

त्या संध्याकाळी ओट्यापाशी भांडण झालं. तेही बिनआवाजाचं. माझ्या बायकोनं ते खिडकीतून पाहिलं. आमचं घर समोरच. ती म्हणाली, दोघी पीठ मळत होत्या आणि तोंडं अशी चालली होती जणू एकमेकींना चावतील. शब्द मला पुढं थोरलीकडून कळले.

"सांगितलंस ना तू?" थोरली.

"मी? मला काय मिळालं? दुपारची सुट्टी तुम्हाला मिळाली."

"आईंसाठी होती ती!"

"हो, सगळं आईंसाठीच असतं तुमचं."

सासूबाई पाटावरून म्हणाल्या, "आज मिठाचं फारच लांबलं गं!"

दुसऱ्या दिवशी धाकटीनं चादरीचं टोक सोडलं. म्हणजे खरोखर सोडलं. सकाळी थोरली रोलरशी जाऊन उभी राहिली, ढिगातली पहिली चादर झटकली आणि दुसरं टोक पुढं केलं, तर समोर कुणी नाही. धाकटी रोलरच्या पार दुसऱ्या टोकाशी, रेडिओबरोबर. थोरलीनं हॉलभर नजर फिरवली. जिच्या तोंडाकडे बघावं ती मान फिरवायची. ओठांनी बोलणाऱ्या माणसाला गप्प करायचं तर एवढंच पुरतं, त्याच्याकडे बघायचं नाही.

मुकादमानं तिला टॉवेलांच्या टेबलावर बसवलं, बाजूच्या भिंतीशी, खिडकीखाली. टॉवेलाच्या घड्या एकटीला घालता येतात. ज्या बाईनं उभा जन्म चादरी ताणल्या, तिच्या पुढ्यात हात पुसायचे टॉवेल. थोरली दिवसभर घड्या घालायची आणि हॉलमधल्या तोंडांकडे बघायची. सगळी तोंडं तिच्याकडे पाठ करून हलत होती. आपल्याबद्दल चाललंय हे कळायला ओठ दिसायला लागत नाहीत, पाठीही बोलतात.

त्यात भर म्हणून साहेबांनी एक दिवस फळ्यावर लावलं की टॉवेलांच्या घड्यांचं मशीन येतंय, पुढच्या महिन्यापासून टॉवेलांवर माणूस लागणार नाही, ज्यांना जोडी असेल त्या रोलरवर राहतील. मुकादम जेवणाच्या सुट्टीत थोरलीजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, कुणाशी तरी जमवून घ्या. नाहीतर मलाच तुम्हाला घरी जा म्हणून सांगायला लावतील हो." थोरली म्हणाली, "तुम्ही याल का जोडीला?" मुकादम डोक्यावरून हात फिरवत निघून गेला. केस जपून.

आता हे लक्षात घ्या की थोरलीला काम जाण्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. या ठपक्यानं बाहेर पडली तर ती जन्मभर चहाडखोर ठरणार होती, आणि तेही घरातच, रोज ताटाशी समोर बसणाऱ्या जावेच्या डोळ्यांत.

जेवणाच्या सुट्टीत रोलर थांबायचा आणि सगळ्या मागच्या व्हरांड्यात जायच्या. थोरली आपल्या टेबलावरच डबा उघडायची. हॉल रिकामा, शांत. अशाच एका दुपारी तिनं पाण्याची बाटली ठेवली आणि टेबल डगमगून पाणी टॉवेलांवर सांडलं. थोरलीनं एक शिवी हासडली. आवाज न काढता, सवय. मग स्वतःशीच ओठांनी म्हणाली, "पाय डुगडुगतोय टेबलाचा. पण कुणाला पडलीय? मी उलथले तरी कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार टेबलाखाली पालथा पडून पायाला पाचर ठोकत होता.

"कुणी सांगितलं रे तुला?" थोरली.

"साहेबांनी. म्हणाले, बाईंच्या टेबलाचा पाय हलतोय."

थोरली हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकटीला नाही, नवऱ्याला नाही. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. होती ती फक्त वरची काच, आणि काचेमागं डबा खाणारे साहेब.

पण थोरली संशयात एवढी मुरली होती की तिनं स्वतःच्या डोळ्यांवरही लगेच विश्वास ठेवला नाही. त्या दुपारी रिकाम्या हॉलमध्ये तिनं मुद्दाम खिडकीकडे हात केला आणि ओठांनी, सावकाश, म्हणाली, "डोळ्यावर ऊन येतं. पडदा लावतील तर शपथ." वर बघितलं नाही. घास गिळला आणि डबा झाकला.

सकाळी खिडकीला पडदा होता. नवा कोरा, आमच्याच लाँड्रीतल्या चादरीचा.

थोरली पडद्यासमोर उभी राहून हसायला लागली. हॉलमधल्या बायांनी एकमेकींना खुणावलं: बघा, बक्षीस मिळालं.

सांगणार कुणाला? ओठ हलवले की समोरची मान फिरवणार. आणि सांगितलं तरी म्हणणार, स्वतः सुटायला आता साहेबावर घालतेय. हे सगळ्यांना डोळ्यांनी बघायला मिळालं तरच खरं. थोरलीनं रात्रभर काय विचार केला ते मला ठाऊक नाही, पण सकाळी मी वाफेचा काटा बघायला हॉलच्या दाराशी आलो, तर ती टॉवेलांच्या टेबलावर चढून उभी होती.

सुतारानं पाय चांगला केला होता हे नशीब. एवढी बाई आणि तेवढंसं टेबल.

रोलर भरात होता. तिच्याकडे न बघण्याची शपथ घेतलेला हॉल आता बघतच राहिला. चहाडखोर बाई टेबलावर चढली तर कोण बघणार नाही? वर काचेमागं साहेबही पेन हातात धरून बघत होते. थोरलीनं एका हातानं सगळ्यांना काचेकडे बोट दाखवलं. मग ओठ एवढे मोठे करून, की मलाही कळावं, एकेक शब्द सुटा करत, बिनआवाजानं म्हणाली:

"वर बघा. साहेबांच्या पँटची चेन उघडी आहे."

सगळ्या माना वर गेल्या. आणि काचेमागं काचसाहेबांचा हात पेनासकट सरळ खाली गेला आणि मान त्याच्या मागोमाग.

चेन लावलेलीच होती. ते त्यांना कळलं, आणि मग आणखीही काहीतरी कळलं. त्यांनी हळूहळू मान वर केली. खाली सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. कुणी हलत नव्हतं. रोलरमध्ये गेलेली चादर ओढून घ्यायला कुणी नव्हतं, ती गुंडाळत गुंडाळत करपायला लागली, आणि मीच धावत जाऊन रोलर बंद केला.

एवढी शांतता त्या हॉलनं कामाच्या वेळेत कधी बघितली नसेल. रेडिओचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि त्यातून पहिल्यांदा काही प्रसारित होत नव्हतं. मग मागच्या कोपऱ्यातली एक पोरगी फिसकन हसली, आणि सगळा हॉल फुटला. हसणं विरता विरता मात्र एकेकीचा चेहरा उतरायला लागला. आपण या महिन्यांत काय काय बोललो, याची उजळणी सुरू झाली होती. मुकादमाचे केस. साहेबांच्या चालण्याची नक्कल. एकमेकींच्या घरातली उणीदुणी. सगळं वर पोचलं होतं.

साहेब जिना उतरून आले. बूट वाजत नव्हतेच.

"माझ्या आईला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "जन्मापासून. मी बोलायला शिकायच्या आधी ओठ वाचायला शिकलो. मी मुद्दाम बघत नाही. समोर दिसतं ते वाचलं जातं. डोळे मिटून बसू का?"

"आईवर घालतोय," रेडिओ पुटपुटली, आणि लगेच हातानं तोंड झाकलं.

"आई आहे, हवं तर भेटायला या," साहेब म्हणाले.

थोरली टेबलावरून उतरली. पदर खोचला आणि साहेबांसमोर येऊन उभी राहिली. या वेळी आवाज काढून बोलली. "दिसलं तर दिसलं, साहेब. डोळे तुमचे आहेत. पण या सगळ्या जणी मला काय काय म्हणत होत्या, तेही दिसत होतं ना वरून?"

साहेबांनी टॉवेलांच्या टेबलाकडे पाहिलं.

"चहाडखोर म्हणत होत्या. टॉवेलांवर बसवलं मला. तुम्हाला ठाऊक होतं मी काही सांगितलं नाही. एक शब्द बोलला असतात तर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसायला टॉवेल भरपूर होते, पण त्यांनी रुमालच घेतला. "दुपारी केबिनमध्ये या," एवढं म्हणाले आणि वर गेले. जाताना मुकादमाला सांगून गेले की धुलाईतल्या दोघींना परत रोलरवर घ्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत रोलर थांबला आणि जिन्याखालच्या वाफेच्या नळीला गळती लागली. मला जाणं भागच होतं.

वर साहेब म्हणत होते, "तुम्हाला मी जोडी लावून देतो. टॉवेलांवर राहू नका. तुम्ही सांगाल ती बाई देतो."

"मला तुम्ही लावून दिलेली जोडी नको," थोरली म्हणाली. "तुम्ही दिलीत की पुन्हा त्याच म्हणतील, बघा, साहेबांनी दिली."

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या जावेबद्दल एक सांगू? तुमच्याविषयी ती रोलरवर काय बोलायची ते तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्ही एका घरात राहता. सावध असलेलं बरं."

माझा हात नळीवरच राहिला. सांगायची इच्छा खरी माया होती, की दोन जावा एकमेकींपासून तुटलेल्या राहिल्या तर साहेबाला सोयीचं म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या माणसाचा चेहरा वाचायची कला आमच्यापैकी कुणाला आली नाही. आणि थोरलीला मोह झाला असणार, यात शंका नको. कुणाला होणार नाही? आपल्या पाठीमागं काय बोललं गेलं ते शब्दन्‌शब्द सांगणारा माणूस समोर बसलाय.

"नको," थोरली म्हणाली. "तिला तोंड आहे."

ती जिना उतरून आली तेव्हा मी नळीवर हातोडी मारत होतो. "सापडली का गळती?" तिनं विचारलं. "सापडेल," मी म्हणालो. "कानात सापडेल," ती म्हणाली आणि पुढं गेली.

सुट्टी संपून सगळ्या हॉलमध्ये परतल्या, तोवर नवा संशय जन्माला आला होता. साहेबांनी टेबल फिरवून काचेकडे पाठ केली होती, जुन्या साहेबांसारखी. बायांनी तासाभरात शोध लावला की केबिनच्या मागच्या भिंतीवर आरसा असणार. आरसा नव्हता, घड्याळ होतं. पण घड्याळालाही काच असतेच ना, असं रेडिओचं म्हणणं, तेही हाताचा आडोसा करून. आता सगळ्याच हातानं तोंड झाकून बोलायला लागल्या होत्या, आणि झाकलेलं तोंड कुणाला वाचता येईना, त्यामुळे जी ती जिला तिला विचारत होती, "काय म्हणालीस? माझ्याबद्दल म्हणालीस का?"

थोरली तडक आपल्या जुन्या जागेवर गेली. ढिगातली चादर काढली, झटकली, एक टोक धरलं, दुसरं तसंच ढिगावर सोडून दिलं. कुणाला बोलावलं नाही. रोलर पुन्हा गरगरत होता.

धाकटी पलीकडे उभी होती. रेडिओनं तिला कोपरानं ढोसलं. धाकटी आली, सावकाश, पायांत पाय अडकल्यासारखी. तिनं दुसरं टोक उचललं. थोरलीनं चादर सारली नाही. धरून उभी राहिली.

धाकटीनं ओठ हलवले. मी दारातून बघत होतो, मला समजलं: "ताई, चुकलं माझं."

थोरली चादरीच्या शिवणीकडे बघत राहिली.

धाकटीनं पुन्हा ओठ हलवले, जरा मोठे. "ताई."

"मला दिसत नाही," थोरली ओरडली. "आवाज काढ!"

"इथं?" धाकटीनं ओठांनीच विचारलं, आणि हॉलभर डोळे फिरवले. सगळा हॉल बघत होता. झाकलेली तोंडंसुद्धा हात खाली घेऊन.

"इथंच बोललीस ना? मग इथंच. काय म्हणालीस माझ्याबद्दल, ते सांग."

धाकटीचा चेहरा तांबडा झाला. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि रोलरच्या आवाजावर ताण करत, घसा फाटेल अशी ओरडली, "मी म्हणाले, ताई घरी आईंचे कान भरतात माझ्याविरुद्ध, तर इथं साहेबाचे भरायला यांना कसली लाज!"

निम्म्या हॉलनं ते कानांनी ऐकलं, उरलेल्या निम्म्यांनी ओठांवरून. रेडिओनं मान खाली घातली, म्हणजे त्यात तिचाही वाटा होता.

थोरलीनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "भरत नाही मी," ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "आई विचारतात आणि मी मीठ सांगते. हवं तर घरी जाऊन त्यांनाच विचार."

"विचारते," धाकटी ओरडली.

"विचार!"

मग थोरलीनं हनुवटीनं तिच्या हाताकडे खूण केली. "कोपरा सरळ धर. तिरकी जाईल."

धाकटीनं कोपरा सरळ केला. थोरलीनं तो आपल्या टोकाशी पडताळून पाहिला, एकदा, दोनदा, आणि मग चादर रोलरच्या तोंडात दिली.